पोलिसाचा खबऱ्या आणि जनतेचा खबऱ्या

ब्रिटिश राजवटीने १८७२ साली या देशाला पुराव्याचा जो कायदा दिला, त्यात १२५ क्रमांकाचे एक छोटेसे कलम होते. गुन्ह्याची खबर आपणांस कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती कोणत्याही दंडाधिकाऱ्यावर वा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. महसूल अधिकाऱ्यालाही सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांपुरते हेच संरक्षण होते. कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा व्यवहारी माणूस होता. साम्राज्य चालवायचे तर खबऱ्या हवा, आणि आजच्या खबऱ्याचे नाव चव्हाट्यावर आले तर उद्याचा खबऱ्या येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यानंतर दीडशे वर्षांनी, वसाहतवादाच्या खुणा पुसून टाकल्याचा डांगोरा पिटीत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा संमत झाला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्यात हे कलम १३१ हा नवा क्रमांक धारण करून सुखरूप बसले आहे. पती-पत्नींमधील बोलणे, सरकारी दप्तरातील गुपिते, वकील आणि अशील यांचा संवाद, ही जुनी संरक्षणेही त्याच्या आजूबाजूला कायम आहेत. पत्रकाराला मिळालेल्या गोपनीय माहितीविषयी १८७२ च्या कायद्यात एक ओळ नव्हती. २०२३ च्या कायद्यातही नाही.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हवालदाराच्या कानाशी लागून शेजाऱ्याची चुगली करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने संरक्षणास पात्र आहे. त्याच ठाण्याच्या कोठडीत रात्री कोणाला मारहाण झाली हे वार्ताहराला सांगणारा दुसरा हवालदार मात्र पात्र नाही. शासनाला खबर देणाऱ्याचे नाव झाकणे हे सार्वजनिक हित, आणि शासनाविषयी जनतेला खबर देणाऱ्याचे नाव झाकणे हा न्यायदानातील अडथळा, अशी ही वाटणी आहे. पत्रकारांच्या विशेषाधिकाराची चर्चा आपल्याकडे बहुधा पत्रकारांच्या मानापमानाच्या अंगाने होते. ती या वाटणीपासून सुरू व्हायला हवी.

प्रश्न पुस्तकी नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये मुलायमसिंग यादव यांच्या मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणाची सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होण्याच्या आदल्या दिवशी काही वृत्तवाहिन्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाची म्हणून काही कागदपत्रे दाखविली. ती बनावट असल्याचे सांगून विभागाने गुन्हा नोंदविला, आणि पुढे ती कोणी बनविली याचा माग लागत नाही म्हणून तपास बंद करण्याची परवानगी मागितली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या राउज अव्हेन्यू न्यायालयाने ती नाकारली आणि बजावले की, तपास यंत्रणेपासून आपल्या माहितीचा उगम लपविण्याची कोणतीही वैधानिक मुभा भारतातील पत्रकारांना नाही. न्यायालयाने कायदा चुकीचा सांगितला असे म्हणता येणार नाही. कायदा असाच आहे. जी काही मुभा आहे ती १९७८ च्या वृत्तपत्र परिषद कायद्याच्या १५ व्या कलमात आहे. वृत्तपत्र परिषदेसमोर चौकशी चालू असताना पत्रकाराला माहितीचा उगम उघड करण्याची सक्ती होणार नाही, असे ते म्हणते. जी परिषद कोणाला एक दिवसही तुरुंगात धाडू शकत नाही, तिच्यापुढे गप्प राहण्याचा हक्क पत्रकाराला मिळाला. जेथे तुरुंग खरा आहे तेथे मिळाला नाही. हा कायदा आणीबाणीनंतरच्या जनता सरकारने केला, त्या सरकारात समाजवादीही होते, आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेल्या मंडळींना हा प्रश्न फौजदारी न्यायालयाच्या उंबरठ्यापर्यंतही न्यावासा वाटला नाही, याची नोंद या पानावर केलीच पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी पेगॅसस प्रकरणी दिलेल्या आदेशात, पत्रकाराच्या माहितीस्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मूलभूत अटींपैकी एक असल्याचे म्हटले. चांगले झाले. परंतु तालुक्याच्या ठाण्यात जबाबासाठी बसविलेल्या वार्ताहराला ते वाक्य खिशातून काढून दाखविता येत नाही. फौजदाराला कलम हवे असते.

किंमत कोण मोजतो?

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे विषयातला एक प्राथमिक धडा आठवल्यावाचून राहत नाही. दीपस्तंभाचा प्रकाश सर्व जहाजांना मिळतो, पण त्याचा खर्च करायला कोणी एक जहाजमालक पुढे येत नाही. गैरव्यवहाराची बातमी ही अशीच सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ लक्षावधी लोकांत थोडा थोडा वाटला जातो. तिची किंमत मात्र एकटा माणूस मोजतो. ज्याने फाइल उघडून दाखविली त्याची नोकरी जाते, बढती थांबते, बदली गडचिरोलीला होते, कधी जीवही जातो. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा असेल तर बाजाराच्या नियमाने अशा बातमीचा पुरवठा समाजाच्या गरजेपेक्षा नेहमीच कमी राहणार. तो वाढविण्याचा स्वस्त उपाय एकच : त्या एकाचे नाव बाहेर येणार नाही ही हमी. म्हणून हा विशेषाधिकार पत्रकाराचा नव्हेच. तो कारकुनाचा, परिचारिकेचा, कारखान्यातील फिटरचा, आश्रमशाळेतील शिक्षकाचा आहे. पत्रकार हा केवळ त्याचा विश्वस्त आहे.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. सिमेंटवर नियंत्रण होते त्या काळात नियंत्रित भाव आणि काळ्या बाजाराचा भाव यांत मोठी दरी होती. परवाना ज्याच्या हातात त्याच्या हातात ती दरी, म्हणजे अक्षरशः टांकसाळ. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळणाऱ्या देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले. प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले, जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. कोणाला किती सिमेंट मिळाले आणि कोणी किती देणगी दिली, हे मुख्यमंत्री पत्रकार परिषदेत सांगत नसतात. असे दोन रकाने शेजारी शेजारी मांडले जातात, तेव्हा कोठेतरी कोणीतरी कपाट उघडलेले असते. त्या माणसांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि त्यामुळे आपले काहीही अडलेले नाही. पुरावा कागदांत होता. न्यायालयाने तो कागदांवरून जोखला.

भोपाळचे उदाहरण याहून दुःखद आहे. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या 'रपट' या छोट्याशा हिंदी साप्ताहिकात १९८२ च्या सप्टेंबरपासून शहराला धोक्याचा इशारा देणारे लेख लिहिले, आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. कारखान्याचे पोट जाणणारी माणसे आणि कारखान्याची अंतर्गत कागदपत्रे हा त्याचा आधार होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झाले ते जगाला ठाऊक आहे. आता कल्पना करा की, १९८२ साली कंपनीने कागद चोरीला गेल्याची फिर्याद दिली असती आणि ठाणेदाराने केसवानींना बोलावून विचारले असते, 'अहवाल कोणी दिला?' तेव्हाच्या कायद्यात त्यांच्यापाशी उत्तर न देण्याचा हक्क नव्हता. आजच्याही कायद्यात नाही.

शासन स्वतः गुपित कसे राखते हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी अभियंता सत्येंद्र दुबे यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. यावर देशभर गदारोळ उठला आणि दहा वर्षांनी, २०१४ साली, जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र निघालीच नाही. समजा निघाली असती, तरी तो कायदा वृत्तपत्राकडे जाणाऱ्याला काही देत नाही. त्याने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडेच जायचे. ज्या दारातून दुबे गेले तेच दार. आपल्या तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहारांच्या मागे लागलेले सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भर सकाळी हत्या झाली. ते तर सारे उघडपणे, स्वतःच्या सहीने करीत होते. उघडपणे करणाऱ्याचे काय होते हे ज्या समाजाने पाहिले आहे, त्याने झाकून सांगणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

विलायतेतील एक कारकून

अपवादांच्या पोतडीत हक्क कसा बुडतो, याचा धडा इंग्लंडने घालून दिलेला आहे. तेथे १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या दहाव्या कलमाने पत्रकाराला माहितीचा उगम न सांगण्याचे संरक्षण दिले. मात्र न्यायाचे हित, राष्ट्रीय सुरक्षा, आणि गैरव्यवस्था वा गुन्ह्यांचा प्रतिबंध यांसाठी ते बाजूला सारता येईल असेही म्हटले. दोन वर्षांतच त्याची परीक्षा झाली. ग्रीनहॅम कॉमन येथील तळावर अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे येणार होती, आणि त्यावरून संसदेत होणारा गहजब कसा टाळावा याविषयी संरक्षणमंत्री हेझेलटाइन यांचे टिपण होते. परराष्ट्र खात्यातील सारा टिस्डाल या तेवीस वर्षांच्या कनिष्ठ कारकून मुलीला हे खटकले. तिने प्रती काढून 'गार्डियन'च्या कचेरीत नेऊन दिल्या. वृत्तपत्राने ऑक्टोबर १९८३ मध्ये मजकूर छापला. सरकारने कागद परत मागितले, न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद लावला, आणि 'गार्डियन'ने कागद परत केले. प्रतींवरील खुणांवरून यंत्र सापडले, यंत्रावरून मुलगी सापडली, आणि मार्च १९८४ मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

लक्षात घ्या, त्या कागदांत क्षेपणास्त्राचे यंत्रशास्त्र नव्हते. लोकप्रतिनिधींना कसे चुकवावे याची योजना होती. राष्ट्राची सुरक्षा आणि मंत्र्याची अडचण यांतला फरक न्यायाधीशांना दिसला नाही किंवा त्यांनी पाहिला नाही. आणि तुरुंगात गेले कोण? मंत्री नव्हे, संपादक नव्हे, वृत्तपत्राचे विश्वस्तही नव्हेत. गेली ती सर्वांत खालच्या पायरीवरची कारकून. वर्ग हा शब्द आता फॅशनमध्ये राहिलेला नाही, पण या प्रकरणाचे वर्णन त्यावाचून करता येत नाही.

याच्या उलट स्वीडन पाहा. तेथील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा १९४९ चा कायदा हा राज्यघटनेचाच भाग आहे. त्यानुसार, काही गंभीर अपवाद सोडल्यास, नाव गुप्त ठेवण्याचे वचन मोडणारा पत्रकारच गुन्हेगार ठरतो. इतकेच नव्हे, तर बातमी कोणी दिली याचा छडा लावण्यासच सरकारी अधिकाऱ्यांना बंदी आहे. हक्क माहिती देणाऱ्याचा आहे हे त्या कायद्याने ओळखले. बोफोर्स प्रकरणी चित्रा सुब्रमण्यम यांना कागद पुरविणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम दोन तपांहून अधिक काळ निनावी राहिले. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी आपले नाव आपणच जाहीर केले. ज्याचा हक्क, त्याने तो सोडला.

आक्षेप आणि उत्तरे

आपल्याच गोटातील मित्र एक आक्षेप घेतात. वृत्तपत्रे भांडवलदारांची, वाहिन्या त्यांच्याच. 'ज्यूट प्रेस' म्हणून ज्यांची आपण संभावना केली त्यांना आणखी एक विशेषाधिकार कशासाठी? आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. हा हक्क मालकाला द्यायचाच नाही. अमेरिकेत २००५ साली एका प्रकरणात 'टाइम'च्या वार्ताहराच्या नोंदी कंपनीने त्याच्या विरोधाला न जुमानता सरकारी वकिलाच्या स्वाधीन केल्या. त्याच प्रकरणात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुडिथ मिलर ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. मालकाचे भांडवल बाजारात गुंतलेले असते आणि तो न्यायालयाशी झुंजण्याचा खर्च हिशोबात धरतो. म्हणून कायद्याने मालकालाही नोंदी सोपविण्यास मनाई केली पाहिजे. शिवाय संरक्षण अधिस्वीकृतीपत्रावर अवलंबून असता कामा नये. अधिस्वीकृती सरकार देते, आणि सरकारने दिलेल्या कार्डावर सरकारपासूनचे संरक्षण बेतणे हा विनोद आहे. तालुक्याच्या गावाहून ओळीवर पैसे घेऊन बातम्या पाठविणारा वार्ताहर, कामगार संघटनेचे पत्रक काढणारा कार्यकर्ता, दूरध्वनीवर चित्रफिती काढून प्रसिद्ध करणारा आदिवासी तरुण, या सर्वांना ते लागू व्हावे. प्रसिद्धीसाठी माहिती गोळा करण्याची कृती ज्याने केली तो पत्रकार.

त्याच अमेरिकी प्रकरणातून दुसरा, अधिक अवघड आक्षेप निघतो. तेथे नाव झाकले जात होते ते कोणा दुबळ्या कारकुनाचे नव्हे, तर सत्तेच्या अगदी निकट असलेल्या बड्या अधिकाऱ्याचे, आणि फुटलेली माहिती होती ती सरकारच्या टीकाकाराच्या पत्नीविषयी. आपल्याकडे तर हे रोज चालते. 'खात्रीलायक सूत्रांकडून समजते' या शब्दांनी सुरू होणाऱ्या किती बातम्या पोलीस ठाण्यातच शिजलेल्या असतात! आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी आरोपीचा तथाकथित कबुलीजबाब सायंकाळच्या बातम्यांत येतो. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन पत्रे वाचून दाखविली. तेथे निदान वाचणाऱ्याचा चेहरा दिसत होता. चेहरा न दाखविता हेच करणाऱ्याला संरक्षण द्यायचे काय?

याचे उत्तर शोधताना एक भेद धरून ठेवावा लागतो, आणि माझ्या मते या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. फौजदारी खटल्यात दोन बाजू समान नसतात. एका बाजूला राज्यसंस्था असते : तिच्यापाशी पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहेत, झडतीचे अधिकार आहेत, कोठडी आहे. दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असतो आणि त्याचे स्वातंत्र्य, प्रसंगी प्राण, पणाला लागलेले असतात. 'सांगा, बातमी कोणी दिली?' हा प्रश्न यांपैकी कोण विचारतो यावर उत्तर अवलंबून असले पाहिजे. राज्यसंस्थेला तो विचारण्याचा अधिकार असू नये. तपास करणे हे तिचे काम आहे. वार्ताहराच्या वहीवर तिने आपला आळस फेडू नये. कोणाचा जीव वाचविण्यासाठी ताबडतोब माहिती हवी असेल, तर आणि तेवढ्यापुरताच, न्यायाधीशाच्या लेखी आदेशाने अपवाद असावा. घडून गेलेल्या गुन्ह्याच्या तपासासाठी मुळीच नसावा.

आरोपीने विचारले तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेतील मायरन फार्बर यांचे प्रकरण येथे प्रामाणिकपणे समोर ठेवले पाहिजे. न्यू जर्सीतील एका रुग्णालयात १९६५-६६ साली झालेल्या संशयास्पद मृत्यूंविषयी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दहा वर्षांनी लेख लिहिले. त्यांमुळे जुने प्रकरण उकरले गेले आणि एका डॉक्टरवर खुनाचा खटला उभा राहिला. १९७८ साली बचाव पक्षाने फार्बर यांच्या नोंदी मागितल्या. त्या राज्यात पत्रकारांना संरक्षण देणारा कायदा असूनही न्यायालयाने आरोपीच्या बचावाचा घटनात्मक हक्क श्रेष्ठ मानला, आणि नोंदी न देणारे फार्बर चाळीस दिवस तुरुंगात राहिले. डॉक्टर अखेर निर्दोष सुटला, तेही त्या नोंदी न पाहता. तो सुटला म्हणून प्रश्न सुटत नाही. समजा तो सुटला नसता, आणि साक्षीदार खोटे बोलत असल्याचा पुरावा त्या वहीत असता, तर? वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी निरपराध माणसाने जन्मठेप भोगावी असे म्हणण्याची माझी तयारी नाही, आणि कोणा लोकशाही समाजवाद्याची असू नये. म्हणून आरोपीला ही वाट उघडी हवी. ती शेवटची वाट असावी : दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ती माहिती मिळत नाही आणि तिच्यावाचून बचाव लंगडा पडतो हे त्याने दाखवावे, न्यायाधीशाने बंद दालनात आधी स्वतः पाहावे, आणि मगच लागेल तेवढे उघड करावे. पोलिसांनी पेरलेल्या बातमीचा उपायही यातच आहे. ज्याच्याविरुद्ध बातमी पेरली गेली त्या आरोपीला ती कोणी पेरली हे विचारता येईल. पेरणाऱ्याला मात्र आपल्या टीकाकाराचा माग काढता येणार नाही.

खोटी माहिती देणाऱ्याचे काय, हा उरलेला आक्षेप. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभीच त्याचे उत्तर मिळालेले आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ दिवाण बर्वे करतात असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' यांनी केला. त्यासाठी आधार धरलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली आगरकर आणि टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. छापणाऱ्याने जबाबदारी घेतली आणि शिक्षा भोगली. गोपनीयतेचा हक्क म्हणजे बदनामीचा परवाना नव्हे. ज्याला नाव सांगायचे नाही त्याने आपल्या मजकुराची सत्यता इतर पुराव्याने शाबीत करावी. ते जमले नाही तर कायद्याने जे भोगावे लागेल ते स्वतः भोगावे. एवढी जोखीम असली म्हणजे शहाणा संपादक प्रत्येक निनावी कागद दोनदा तपासतो.

विचारण्याची गरजच उरली नाही तेव्हा

हा सारा वाद 'सांगा' या शब्दाभोवती चालला असताना राज्यसंस्था 'द्या' या शब्दावर येऊन पोहोचली आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी 'न्यूजक्लिक'शी संबंधित पत्रकार, लेखक आणि कर्मचारी यांच्या घरांवर दिल्ली पोलिसांनी छापे घातले आणि दूरध्वनी व संगणक उचलून नेले. संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटकच बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी दिला. पण त्या यंत्रांत साठलेली कित्येक वर्षांची ओळखीपाळखीची माणसे, त्यांचे क्रमांक, त्यांनी विश्वासाने लिहिलेले संदेश, हे सारे तोवर पोलिसांच्या हाती पडले होते. त्यांतील बहुतेकांचा त्या खटल्याशी काडीचाही संबंध नव्हता. पूर्वी वार्ताहराला निदान तोंड मिटून तुरुंगात जाण्याचे समाधान होते. आता तो तोंड मिटून बसला तरी त्याचा दूरध्वनी बोलतो. नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता तर आपल्या ९४ व्या कलमात संपर्काची साधने हजर करण्याचा हुकूम देण्याची सोय नावानिशी करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जप्त्यांविषयी चिंता व्यक्त करून सरकारला नियम करण्यास सांगितले. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्यालाच संरक्षणाचे नियम करायला सांगण्याचा हा प्रकार आहे.

वकिलांच्या बाबतीत काय झाले ते शेजारी ठेवून पाहा. २०२५ साली अंमलबजावणी संचालनालयाने अशिलाला सल्ला दिल्याबद्दल ज्येष्ठ वकिलांना समन्स धाडले, तेव्हा वकीलवर्ग खवळून उठला. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वकिलांना असे बोलावण्यावर कडक मर्यादा घातल्या. निर्णय उत्तमच आहे. परंतु तो देता आला, कारण वकिलासाठी कायद्यात १३२ वे कलम हजर होते. पत्रकारासाठी तसे कलम नाही; आणि त्यांची संघटनाही तशी नाही, हे त्यांनी मनाला लावून घ्यावे.

हे कलम लिहिण्याचे कष्टही कोणाला नव्याने घ्यायचे नाहीत. न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८३ साली आपल्या ९३ व्या अहवालात १३२-अ असे नवे कलम सुचविले होते. गोपनीयतेच्या उघड वा गर्भित समजुतीवर मिळालेल्या आणि प्रसिद्ध झालेल्या माहितीचा उगम सांगण्यास कोणत्याही न्यायालयाने भाग पाडू नये, असा त्याचा आशय. त्यात दोन उणिवा होत्या. संरक्षण प्रकाशनास जबाबदार असलेल्या व्यक्तीला होते, म्हणजे गावचा वार्ताहर बाहेरच राहिला. आणि न्यायालयाचा उल्लेख होता, पोलीस ठाण्याचा नव्हता. २००३ साली आयोगाने १८५ व्या अहवालात पुन्हा हा विषय घेतला आणि घटनेच्या १९(२) अनुच्छेदाच्या धर्तीवरील अपवादांची माळ त्याच्या गळ्यात घातली. सारा टिस्डालला ज्या भोकातून पकडले, तसली भोके. दोन्ही अहवाल धूळ खात पडले. या काळात दिल्लीत काँग्रेस आली, जनता दल आले, आघाड्या आल्या, भारतीय जनता पक्ष आला; माहिती फोडणाऱ्याला वाचविण्याची घाई सत्तेत बसलेल्या कोणालाच झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पुराव्याचा नवा कायदा संमत झाला तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित होते. दुरुस्ती सुचवायला माणसेच बाहेर.

महाराष्ट्राने मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुरावा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राज्य विधिमंडळ त्यात राज्यापुरती दुरुस्ती करू शकते. केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल तेथे अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, एवढेच. याच विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तो गुंडाच्या काठीपासून वाचवितो, समन्सपासून नव्हे. आता साक्ष्य अधिनियमात १३१ व्या कलमाला लागून एक कलम घालावे : पोलिसाला आपल्या खबऱ्यासाठी जे मिळते ते प्रसिद्धीसाठी माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येकाला मिळेल, मालकाला ते सोडून देता येणार नाही, अपवाद दोनच, आसन्न जीवितहानी आणि आरोपीचा बचाव, आणि तेही सत्र न्यायाधीशाच्या कारणासहित आदेशानेच. नागरिक सुरक्षा संहितेत दुसरी दुरुस्ती करावी की, पत्रकाराचा दूरध्वनी वा संगणक न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीवाचून जप्त होणार नाही, आणि जप्त झाला तर मोहोरबंद होऊन न्यायालयातच राहील; काय पाहायचे ते न्यायाधीश ठरवील. हा मसुदा दोन पानांहून मोठा होत नाही, आणि अशासकीय विधेयक म्हणून तो मांडायला एक सदस्य पुरतो. राष्ट्रपतींकडे पाठवायची वेळ आली आणि दिल्लीने संमती नाकारली, तर तिला नकाराची कारणे जनतेला सांगावी लागतील. ती ऐकण्यासाठी तरी विधेयक येत्या अधिवेशनात मांडले जावे.